बिननावाची फाईल

आमचं ऑफिस गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खालच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तयार होतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आमच्या टेबलांना दिवसभर बारीक थरथर असते. आम्ही पाच माणसं. वसई-विरारमधल्या छोट्या कारखान्यांना, पतपेढ्यांना, दवाखान्यांना आणि लॅबना आम्ही ईमेलची व्यवस्था लावून देतो. प्रोग्राम आमचा स्वतःचा. मेल नीट बांधून बाहेर रवाना करणारा त्यातला भाग माझ्याकडे आहे. कोणी फाईल जोडून 'पाठवा' दाबलं की पुढचं सगळं मी लिहिलेल्या ओळींवर चालतं. माहेरी सांडोरला आई अजूनही शेजारणींना सांगते की माझी मुलगी पोस्टात आहे, आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही.

कंपनी ज्यांनी उभी केली त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. मूळचे राजापूरकडचे, सगळी नोकरी मुंबईत केलेली. साठी केव्हाच ओलांडली आहे, पण मेलच्या नियमांवर बोलायला लागले की आवाज चढतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "ईमेल कुणाच्या बापाची नाही, हे आधी डोक्यात घे. मेल कशी बांधायची, पत्ता कसा लिहायचा, फाईल कशी जोडायची, याचे नियम जगाने मिळून ठरवलेत. ते उघड आहेत, फुकट वाचता येतात. म्हणून आपल्यासारख्या पाच माणसांची कंपनी कुणाला न विचारता जगातल्या कुणालाही मेल पाठवू शकते."

मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. पण मग एका वर्षी जे झालं त्यानंतर ते मी पहिल्यासारखं छातीठोकपणे कुणाला सांगत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत वसई गावातली एक लॅब होती. रक्त, लघवी, गाठींचे तुकडे, सगळं तपासायची. तिथल्या काउंटरवरच्या ताई रोज ढिगाने रिपोर्ट मुंबईच्या हॉस्पिटलांना मेल करायच्या. लॅबने नुकतीच फाईलला पेशंटचं पूर्ण नाव मराठीत द्यायला सुरुवात केली होती. इंग्रजीत एकाच नावाची तीन-तीन स्पेलिंगं व्हायची आणि रिपोर्टांची अदलाबदल व्हायची, म्हणून. मराठी नावं चालतील का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच आनंदाने हो म्हटलं होतं. नियमात त्याची सोय होती आणि मी ती नियमाप्रमाणे बरोबर लिहिलेली होती.

एका सकाळी ताईंचा फोन आला.

"मॅडम, तुमची मेल प्रॉब्लेम देतेय. हॉस्पिटलवाले बोलतात मेल आली, पण आत रिपोर्टच नाही."

"कुठलं हॉस्पिटल?"

त्यांनी सांगितलं. मुंबईतलं मोठं हॉस्पिटल. आमच्या भागातून गाठीचं, कॅन्सरचं काही संशयास्पद असलं की लोक तिथेच जातात.

मी नोंदी तपासल्या. मेल गेली होती. समोरच्या यंत्रणेने ती घेतली होती आणि 'मिळाली' असं उत्तरही दिलं होतं. फाईल जोडलेली होती, पूर्ण होती. आमच्या बाजूने बोट ठेवायला जागा नव्हती. दुसरी कुठली तक्रार असती तर मी तसं कळवून मोकळी झाले असते. पण 'रिपोर्टच नाही' हे शब्द डोक्यातून जाईनात. मी ताईंना म्हटलं, "मी तिकडे येते. काही करू नका, फक्त मेल उघडून ठेवा."

स्कूटरवरून लॅबपर्यंत जाताना मी मनाची समजूत घालत होते की एखादीच मेल असेल, हॉस्पिटलमधल्या कुणीतरी चुकून फाईल उडवली असेल. लॅबमध्ये पोचल्यावर ताईंना विचारलं, "ज्या पत्त्यावरून तुम्ही रिपोर्ट पाठवता, त्यावर आलेल्या मेल कोण वाचतं?"

"त्याच्यावर कशाला कोण मेल करेल? तो फक्त पाठवायचा आहे ना."

मी तो उघडला. न वाचलेल्या उत्तरांची रांग होती. 'रिपोर्ट जोडलेला नाही, कृपया पुन्हा पाठवा.' 'अटॅचमेंट मिळाली नाही.' एकच मजकूर, वेगवेगळ्या तारखा. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाप रे."

गंमत अशी की सगळेच रिपोर्ट हरवले नव्हते. त्याच हॉस्पिटलला, त्याच दिवशी, त्याच खुर्चीवरून पाठवलेले काही रिपोर्ट नीट पोचले होते. म्हणून तर इतके दिवस कुणाला शंका आली नाही. पोचलेले कुठले आणि न पोचलेले कुठले, ते मी शेजारी-शेजारी मांडून बघत राहिले. डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या, फाईल लहान-मोठ्या. काहीच जुळेना. मग माझं लक्ष नावांकडे गेलं. पोचलेल्यांची नावं आखूड होती. हरवलेल्यांची लांब.

ऑफिसात एक कॉम्प्युटर आम्ही मुद्दाम ठेवला आहे. त्यावर एका मोठ्या कंपनीचा मेलचा प्रोग्राम आहे, जो आज जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलात, बँकेत आणि कचेरीत असतो. मी परत येऊन त्यावर मेल पाठवून बघितल्या. आधी फाईलला नुसतं माझं नाव दिलं. आलं. मग माझं, नवऱ्याचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव दिलं. मेल आली, खाली फाईलही आली, पण तिला नाव नव्हतं. 'अनामिक' एवढंच. शेवटची पीडीएफची खूणही नव्हती, त्यामुळे ती उघडायची कशाने हेच त्या कॉम्प्युटरला कळेना.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मेलची ही सगळी व्यवस्था इंग्रजी अक्षरांसाठी जन्माला आली. मराठी नाव तिच्यातून पाठवायचं तर ते सांकेतिक चिन्हांत बदलावं लागतं, आणि आपलं एक अक्षर तिथे नऊ चिन्हांची जागा खातं. वेलांटी, काना, सगळं वेगळं मोजायचं. नाव लांब असलं की ओळीत मावत नाही. नियम सांगतो की मग त्याचे तुकडे करा, तुकड्यांना क्रमांक द्या, वाचणाऱ्याने ते क्रमाने जोडून घ्यावेत. आमचा प्रोग्राम तेच करत होता. मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामला तुकडे जोडता येत नव्हते. तो नाव टाकूनच द्यायचा. आणि हॉस्पिटलच्या सुरक्षेची यंत्रणा बिननावाची फाईल दिसली की धोकादायक म्हणून बाजूला काढायची. हॉस्पिटलच्या टेबलावर पोचायचं ते नुसतं वाक्य, 'रिपोर्ट सोबत जोडला आहे.'

काउंटरवर पुरुष बहुतेक स्वतःचं नाव आणि आडनाव सांगून मोकळे होतात, बायकांची नावं मात्र कागदावर लांब असतात. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. हरवलेल्यांत बहुतेक बायका होत्या.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून त्या कॉम्प्युटरपाशी आले आणि बराच वेळ त्या बिननावाच्या फाईलकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता नियमांवर बोलतील. ते म्हणाले, "कोड नंतर. आधी माणसं शोधा. आत्ता."

लॅबने सगळे रिपोर्ट छापून काढले. ताई आणि मी फोन करायला बसलो. ज्यांच्या साध्या तपासण्या होत्या त्यांनी त्या दुसरीकडे करून घेतल्या होत्या. काहींनी लॅबला शिव्या घातल्या. काहींचे नातेवाईक स्वतः येऊन कागद घेऊन गेले होते. दुपार टळेपर्यंत एकच बाई राहिली. तिचा फोन बंद होता. परत लावला, बंद.

ताईंनी तिचा रिपोर्ट पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. मी विचारलं, "काय आहे त्यात?"

"ते मी नाही सांगू शकत, मॅडम."

"बरं."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण उद्यावर नका टाकू."

पत्त्यात फक्त गावाचं नाव होतं. उमेळ्याच्या पलीकडे खाडीच्या अंगाला, मिठागरांच्या कडेला ते गाव आहे. ताईंना काउंटर सोडून निघता येत नव्हतं, म्हणून मी निघाले. उमेळ्यात पूर्वी वाड्या होत्या तिथे आता इमारतींचे पाये खणलेले दिसतात, ट्रक आडवे उभे असतात. एका ट्रकमागे अडकून मी हॉर्न वाजवत राहिले. मी कधी इतका हॉर्न वाजवत नाही. पाकीट पर्समध्ये होतं आणि प्रत्येक खड्ड्याला मी हात लावून ते आहे ना बघत होते.

गावात नाव विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कुठली? या नावाच्या चार हायेत इथं. आडनाव तर अर्ध्या गावाचं तेच."

मी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. तेव्हा त्याने हात केला. "ती होय. विहिरीच्या मागं, निळं दार."

निळ्या दारात एक तरुण बाई तांदूळ निवडत होती. मला बघून उठली.

"कोन पायजे?"

मी नाव सांगितलं. "सासू माजी," ती म्हणाली आणि आत हाक मारली. "आई, कोनतरी आलंय."

मावशी बाहेर आल्या. काटक, उन्हाने रापलेल्या. जन्म मिठागरात काम करण्यात गेलेला, हे त्यांच्या पायांकडे बघूनच कळत होतं. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि मग विचारलं, "हास्पिटलातून आलीस का?"

"नाही मावशी. मी ईमेलचं काम करते. लॅबमधून तुमचा रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवला होता. तो तिथे पोचला नाही."

सून दारातच थांबली. "आमाला सांगितलेलं, काय असलं तर फोन करू म्हनून. फोन आला नाय, म्हनून आमी समजलो काय नाय."

"फोन बंद लागतोय तुमचा."

"तो यांचा नंबर होता. फोन पान्यात पडला, तवा नवीन घेतलाय." ती माझ्या पर्सकडे बघायला लागली. "काय आलंय त्यात?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पाकीट बंद आहे. पण उद्या सकाळीच हे घेऊन हॉस्पिटलला जा. उद्याच."

उद्याच, हा शब्द मी दोनदा उच्चारला आणि दोघींना जे समजायचं ते समजलं. सुनेचा चेहरा उतरला. मावशी मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

"पोचला कसा नाय?"

मी म्हटलं, "त्यावर तुमचं नाव मराठीत होतं. नाव लांब आहे. त्यांच्या कॉम्प्युटरला लांब नाव वाचता येत नाही."

मावशींना हसू आलं. "माजं नाव तर एवढंसं हाय. मालकाचं मदी घातलं ना, म्हनून लांब झालं." मग पाकीट हातात घेऊन त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. हसणं थांबलं होतं. "त्ये जाऊन लय वर्षं झाली. कागदावर अजून हायेत."

मी पाणी प्यायले. मचूळ होतं. सुनेचा नवा नंबर घेतला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी समोरासमोर बसलो. माझं म्हणणं ठरलेलं होतं. मोठ्या कंपनीचा प्रोग्राम लांब नावं एका वेगळ्या पद्धतीने वाचू शकत होता. मेलच्या विषयाच्या ओळीसाठी जे सांकेतिक वेष्टन ठरलेलं आहे, तेच फाईलच्या नावाला गुंडाळलं की त्याला कळायचं. तो स्वतःही तसंच पाठवायचा. नियमात स्पष्ट लिहिलं आहे की हे वेष्टन इथे वापरू नये.

"मला तसंच करायचंय," मी म्हटलं. "आजच."

"चुकीचं आहे ते."

"माहीत आहे मला."

"तुला आठवतंय ना मीटिंगच्या वेळांचं?"

आठवत होतं. काही वर्षांपूर्वी याच कंपनीचा प्रोग्राम मीटिंगच्या निमंत्रणातली वेळ चुकीची दाखवायचा. गिऱ्हाइकांनी ओरड केली म्हणून आम्ही त्यांच्या चुकीला जुळेल अशी उलटी चूक आमच्यात घातली. सगळं छान चाललं. मग एका सोमवारी त्यांनी कुणाला न सांगता आपली चूक सुधारली आणि आमच्या सगळ्या कारखान्यांच्या मीटिंगा भलत्याच वेळेला दिसायला लागल्या. सर स्वतः एकेका कारखान्यात जाऊन माफी मागत फिरले होते.

"नियम लिहिलेले आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या चुका कुठे लिहिलेल्या आहेत? त्या कधी बदलतील तेही आपल्याला कळणार नाही. आपण त्यांच्या चुकीप्रमाणे चाललो, अजून चार जण चालले, की मग उद्या तीच चूक नियम होऊन बसते. मग नियमाप्रमाणे वागणाराच चुकीचा ठरतो. आत्ता झालंय ते हेच आहे, बघ ना. बरोबर आपण आहोत आणि रिपोर्ट आपला हरवला."

"सर, काल मी त्या बाईंच्या ओट्यावर बसले होते. तुम्ही नव्हता." माझा आवाज चढला होता. खालचं मशीन बहुतेक बंद असावं, कारण पलीकडच्या टेबलांवरच्यांनी माना वर केल्या. "नियम त्यांना काय सांगू मी? आज ताई आणखी रिपोर्ट पाठवतील. त्यात लांब नावं असतील."

"ताईंना सांग, आज इंग्रजीत नावं द्या म्हणून."

"म्हणजे मराठी नावं बंद?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना तो पर्याय माझ्याइतकाच नको होता, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "कर तू म्हणतेस तसं. पण तिथे कोडमध्ये लिहून ठेव की हे चूक आहे आणि का केलं. माझ्या नावावर टाक."

मी केलं. दुपारपर्यंत झालं. मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामात माझं पूर्ण नाव पहिल्यांदा नीट उमटलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या दिवसापासून ऑफिसचा फोन वाजला की मी आधी इतरांचे चेहरे बघायला लागले.

आणि तो फोन आलाच. वसईतलंच एक धर्मादाय हॉस्पिटल. तिथे पैशाच्या अडचणीमुळे म्हणा, हौसेने म्हणा, फुकट मिळणारा, नियमाला धरून चालणारा प्रोग्राम वापरतात. आतापर्यंत त्यांची एकही तक्रार नव्हती. तिथली नर्स म्हणाली, "लॅबच्या फाईलींना काहीतरी भलतीच नावं येतायत. गणितातलं बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, आणि मग नुसती अक्षरं. आम्हाला व्हायरस वाटला. डिलीट केल्या."

"सगळ्या?"

"दोन-तीन असतील."

पुन्हा ताई, पुन्हा छापलेले रिपोर्ट, पुन्हा फोन. या वेळी सगळे लगेच सापडले. पण ज्यांनी नियम पाळला होता त्यांचं आता मी बिघडवलं होतं. सर 'बघ, मी म्हणालो होतो' असं एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचा मला जास्त त्रास झाला. घरी नवऱ्याने विचारलं की जेवत का नाहीस, तर मी त्याला फाईलच्या नावाचे तुकडे कसे होतात ते सांगायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ताट झाकून ठेवलं.

शेवटी जो मार्ग निघाला तो सरांनी आणि मी मिळून काढला. मेलमध्ये जोडलेल्या फाईलचं नाव दोन ठिकाणी लिहायची जागा असते. एक जुनी, एक नवी. जुन्या जागी आम्ही मोठ्या कंपनीला कळेल असं चुकीचं नाव लिहिलं, नव्या जागी नियमाप्रमाणे बरोबर. ज्याला जे कळेल ते त्याने घ्यावं. मिळतील तेवढ्या प्रोग्रामांवर आम्ही ते तपासलं. नातेवाइकांचे फोन मागून आणले, ताईंच्या भावाच्या कचेरीत जाऊन बसलो. सगळीकडे नाव दिसलं. शिवाय एक गोष्ट सरांनी लॅबकडून कबूल करून घेतली. गंभीर रिपोर्ट असला तर मेलच्या जोडीला फोन करायचा, आणि उत्तराच्या पत्त्यावर आलेल्या मेल रोज कुणीतरी वाचायच्या.

मोठ्या कंपनीला सरांनी रीतसर तक्रार पाठवली होती. नियमाचं कलम, आमची नमुन्याची मेल, काय व्हायला हवं आणि काय होतंय, सगळं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे काम करत आहे, आणि ही तक्रार बंद करण्यात येत आहे. सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, ते लिहायला विसरले."

मावशींचा रिपोर्ट वाईट होता. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. सुनेने हॉस्पिटलच्या आवारातूनच मला फोन केला होता. मी डॉक्टर नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने मला केला. ती रडत नव्हती, भरभर बोलत होती. ऑपरेशन ठरलं, झालं. मग ती औषधं, ज्यांनी केस जातात. मी अधूनमधून फोन करायचे. लॅबच्या डॉक्टरीणबाई भेटल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, की रिपोर्ट वेळेवर पोचला असता तर काही वेगळं झालं असतं का. त्या म्हणाल्या, "असं नाही सांगता येत. कदाचित काहीच नाही. कदाचित थोडं." मग त्या पुढे म्हणाल्या, "खरंच सांगता येत नाही. मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये."

ते 'कदाचित थोडं' माझ्याजवळ राहिलं आहे.

मावशी आज बऱ्या आहेत. तपासणीला जातात. गेल्या उन्हाळ्यात मी गेले होते तेव्हा केस परत आले होते, आखूड, पांढरे. त्या माझ्याशी मेलबद्दल काही बोलल्या नाहीत. मिठागरं आता कशी विकली जातायत आणि खाडीचं पाणी कुठवर येतं, हेच बोलत राहिल्या. निघताना सुनेने ओंजळभर जाडं मीठ पुडीत बांधून दिलं.

यंदा मोठ्या कंपनीने प्रोग्रामची नवी आवृत्ती काढली. फाईलींची हाताळणी सुधारली आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. काय सुधारलं, कसं, काही नाही. ती बातमी वाचल्यापासून माझा जीव टांगणीला. त्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढेपर्यंत सर माझ्या मागे उभे होते. मग मी लांब नावं पाठवायला सुरुवात केली. माझं, आईचं, सासूबाईंचं, मनाने रचलेली नावं, जोडाक्षरांची नावं. तुकडे आता जुळत होते. इतक्या वर्षांनी त्यांना नियम वाचता येऊ लागला होता.

"काढून टाकू का आपली चूक?" मी सरांना विचारलं.

त्यांना काढायची होती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "हॉस्पिटलं जुनी आवृत्ती अजून किती वर्षं वापरतील, कोण जाणे. राहू दे दोन्ही."

"आणि यांनी परत बदललं तर?"

"तर परत बघू."

त्यानंतर मी मुंबईच्या त्या हॉस्पिटलात फोन लावला. टेबलावरच्या मुलीला म्हटलं, लॅबची सकाळची मेल जरा उघडून बघाल का, फाईलवर नाव पूर्ण दिसतंय का. तिने बघितलं. "दिसतंय मॅडम, पूर्ण. तुम्ही कालपण विचारलं ना?"

"हो."

"परवापण."

"हो," मी म्हटलं. "उद्याही विचारीन."